यात्रा शांततेत पार पडली

॥ श्री ॥

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
४ ऑगस्ट २०२४

ती. शैलजाआत्यास,
पद्मिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कानातलं यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये जाऊन बसल्याचं अरुणदादाने सांगितलं. मागच्या व्हिडिओ कॉलवर मी तुझी शुगर किती आली ते विचारलं आणि तू छान छान म्हणत मान हलवलीस, तेव्हाच मला शंका आली होती. म्हणून आता पत्रच. कागदावर तुला मान हलवून सुटता येणार नाही.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. घराजवळ आणखी एक डेटा सेंटर उभं राहिलंय आणि मागच्या डेकवर बसलं की त्याच्या पंख्यांची घरघर ऐकू येते. शेजारी त्याविरुद्ध सह्या गोळा करत आले, तेव्हा मी तसल्याच एका इमारतीत नोकरी करते हे सांगायला मला जरा जडच गेलं. सही मात्र केली.

आता मुख्य बातमी. माझी इला फिलाडेल्फियाच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचं काम पाहते, हे तुला ठाऊक आहेच. तिला पहिल्यांदाच स्वतःचं प्रदर्शन भरवायला मिळालं आहे. देशाच्या मोठ्या नेत्याची हत्या होते तेव्हा लोक कसा शोक करतात आणि वर्तमानपत्रं तो कसा छापतात, असा विषय. लिंकनची शवपेटी नेणाऱ्या रेल्वेच्या बातम्या आहेत, केनेडींच्या वेळची पानं आहेत आणि गांधीजींच्या वेळची आपली. इला म्हणते की देश कुठलाही असो, शब्द तेच येतात. दुकानं आपोआप बंद झाली, घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं, एकही डोळा कोरडा राहिला नाही.

तिला काही मिळतंय का बघावं म्हणून मी बाबांची सुटकेस उघडली. ते गेल्यापासून ती कपाटावर तशीच होती. तिच्यात आजोबांनी पाठवलेल्या एका बातमीचं कात्रण निघालं. 'दीपमाळ' साप्ताहिक, १ फेब्रुवारी १९४८. तुझ्यासाठी उतरवते:

“तांबवेढे, शनिवार. महात्माजींच्या हत्येचे वृत्त येताच सारा गाव शोकसागरात बुडाला. आज एकाही घरी चूल पेटली नाही. सायंकाळी निघालेल्या शोकयात्रेत सर्व जातिधर्मांचे सुमारे तीन हजार स्त्रीपुरुष अनवाणी सामील झाले. शाळेचे गुरुजन अग्रभागी होते. नदीकाठी प्रार्थना होऊन यात्रा पूर्ण शांततेत पार पडली.”

इलाला मी ते फोनवर वाचून दाखवलं, इंग्रजीत समजावलं. ती लगेच म्हणाली की पहिला फलक हाच. तिच्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहून लिहिलेलं, याहून चांगलं तिला काय मिळणार. तिचा शैलेंद्रमामा तर सनीव्हेलहून येणारच आहे, आणि आपले आजोबा पत्रकार होते हे त्याने ऑफिसातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून टाकलंय.

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. नदीकाठी काय पाहिलंस, दहा ओळी लिहून पाठवशील का? त्या कात्रणाखाली लागतील. सप्टेंबरअखेर फलक छपाईला जायचे आहेत.

तुझा लोभ आहेच, या वेळी सोबत दहा ओळीही याव्यात.

तुझी भाची,
पद्मिनी


अर्विंग, टेक्सस
१३ ऑगस्ट २०२४

चि. पद्मिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

यंत्र ड्रॉवरमध्ये नाही, ड्रॉवरवर असतं. माझ्या लेकाला, अरुणला, नीट बघायला सांग. इथे ऊन असं आहे की आम्ही सगळ्या म्हाताऱ्या सकाळी मॉलमध्ये जाऊन चालतो, दुकानं उघडायच्या आत. शुगर बरी आहे.

तू मागितलेल्या दहा ओळी मला लिहिता येणार नाहीत, कारण नदीकाठी प्रार्थना झाली की नाही मला माहीत नाही. बातमी सांगताना आबांनाही माहीत नव्हतं. ती बातमी खोटी आहे, पद्मिनी. हे मी ठामपणे सांगते, कारण ती माझ्या हाताने लिहिलेली आहे.

आबांचं धान्याचं दुकान, बातमीदारी हौसेची. त्यांचं अक्षर मोडी वळणाचं, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना ते लागायचं नाही. म्हणून आबा सांगत आणि मी बाळबोध अक्षरात उतरवून घेई. टपालाची मोटार बारा वाजता सुटायची आणि अंक शनिवारी संध्याकाळी छापायला जायचा. त्यामुळे शनिवारी जे होणार असेल, ते आबा सकाळीच झालं म्हणून लिहून मोकळे होत. शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांचं भाषण उद्बोधक झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, हे मी भाषणाच्या पाच तास आधी लिहिलेलं आहे. एका वर्षी पाहुणे आलेच नाहीत, तरी त्यांचं भाषण छापून आलं. घरात आम्ही पोट धरून हसलो होतो.

आता त्या शुक्रवारचं. सुमित्रा माझ्या वर्गातली, माझी मैत्रीण. तिचे वडील आमचे गुरुजी. त्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. रथसप्तमीपर्यंत ती चालतातच, तुला सांगायला नको. आमंत्रण आठ दिवस आधीच आलं होतं. आई आणि मी गेलो होतो. दिवेलागणीला बायका हातात तिळगूळ घेऊन बाहेर पडल्या, आणि त्याच सुमारास वखारवाल्यांच्या रेडिओवर बातमी आली.

सकाळपर्यंत गावात भलतंच झालं. गोळ्या झाडणारा ब्राह्मण निघाला, गुरुजीही ब्राह्मण, आणि गांधीजी गेल्याचं कळताच गुरुजींकडे गोड वाटलं, असं जो तो बोलायला लागला. आईने आबांना सांगितलं की मी स्वतः तिथे होते, पेपरात लिहा नाहीतर चौकात उभं राहून सांगा. आबा म्हणाले की असल्या गोष्टी छापल्या की जास्त भडकतात, चार माणसांशी ते बोलतील. मग दहाच्या सुमाराला मला लिहायला बसवलं. गुरुजन अग्रभागी होते असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी विचारलं की आमचे गुरुजी येणार आहेत का. आबा म्हणाले की सगळे येतील, तू लिही.

संध्याकाळी यात्रा निघाली. लोक खरोखर रडत होते. आबांनाही हुंदका आवरत नव्हता आणि ते रडणं अगदी खरं होतं. पण नदीवरून परतताना बाहेरगावची काही माणसं गुरुजींच्या गल्लीत वळली. तीन घरं जळली. सुमित्राच्या घरची माणसं परसातून शेतात पळाली म्हणून वाचली. आपण ब्राह्मण नव्हतो, आपलं दुकान राहिलं. मी माळ्यावरून धूर पाहत होते. मंगळवारी अंक आला. त्यात माझं वाक्य जसंच्या तसं, पूर्ण शांततेत पार पडली.

पंधरा दिवसांनी गुरुजी तक्रार नोंदवायला आले, तेव्हा कचेरीतल्या साहेबाने तेच कात्रण त्यांच्यापुढे सरकवलं. तुमच्या गावचा पेपर म्हणतो काही झालं नाही, आग तुमच्याच दिव्याने लागली असेल, असं म्हणाला. गुरुजी तिथून सरळ आपल्या दुकानावर आले. पायरी चढले नाहीत, रस्त्यात उभे राहून आबांना म्हणाले की खरं काय ते एकदा छापा. आबा म्हणाले की जरा निवू द्या. मग ज्वारी मापायला लागले. गुरुजी थोडा वेळ थांबून निघून गेले आणि पुढे ती माणसं इंदूरला गेली. ते निवलं की नाही मला माहीत नाही, आबांनी काही छापलं नाही एवढं माहीत आहे.

तेव्हा ते कात्रण खरं म्हणून लावू नका. हे मी तुझ्या बाबांनाही कधी बोलले नव्हते. आता सांगून टाकलं, बरं वाटलं म्हणणार नाही, पण हात थांबला नाही.

इलाला माझे पापे. तुम्हा सगळ्यांवरचा माझा लोभ माहीत आहेच, तो पातळ व्हायचा नाही.

शैलजाआत्या


अ‍ॅशबर्न
२४ ऑगस्ट २०२४

ती. शैलजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मेलबॉक्सपाशी गाडी थांबवून गाडीतच वाचलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले. घरी येऊन पुन्हा वाचलं. आजोबांच्या मांडीवर बसून मी खारका खाल्ल्या आहेत, आत्या. त्यांना ज्वारी मापताना मी रोज पाहिलं आहे. आता डोळ्यांपुढे तेच येतं आणि रस्त्यात कुणीतरी उभं आहे असं वाटतं. वाईट वाटलं, आणि खरं सांगते, तुझाही थोडा राग आला. एवढी वर्षं बोलली नव्हतीस, तर आताच का.

शैलेंद्रला सांगायला नको होतं, पण सांगितलं. तो भडकला. त्याचं म्हणणं, गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, त्याला भिंतीवर टांगून काय मिळणार. शिवाय आज या गोष्टीला हात लावला की दोन्हीकडचे लोक धावून येतात. एक म्हणेल गांधींच्या लोकांना गुंड ठरवलं, दुसरा म्हणेल जातीचं उकरून काढलं. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीवरून पंधरा दिवस भांडण चालतं, तिथे हे गेलं तर इलाचं नाव किती दिवस फिरेल याचा विचार कर, असं तो म्हणाला. हे लावणार असाल तर तो येणार नाही.

त्याचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. मी एक मधला मार्ग काढला आहे. कात्रणाचा कागद फार जीर्ण आहे, स्कॅन नीट येत नाही, असं इलाला सांगते. तिच्याकडे पुण्या-मुंबईच्या मोठ्या पेपरांची पानं आहेत, त्यातलं एखादं ती लावेल. खोटंही लागणार नाही आणि आजोबांनाही कुणी काही म्हणणार नाही. तू मन मोकळं केलंस, मी ऐकलं, एवढं पुरे नाही का?

उत्तर लवकर दे, मला नीट झोप नाही. आणि लोभ कमी करू नकोस, मी घाबरट आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

पद्मिनी


अर्विंग
२ सप्टेंबर २०२४

चि. पद्मिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू घाबरट आहेस हे खरं, पण तू खोटं बोलायला लागलीस की तुझा आवाज बदलतो. इला तुझी मुलगी आहे, दोन मिनिटांत ओळखेल. म्हणून मीच तिला परवा पत्र टाकलं आणि सगळं सांगितलं. आता तुला कागद जीर्ण करायची गरज नाही.

जरा निवू द्या, हेच आबा म्हणाले होते. तुझा मधला मार्ग म्हणजे तेच, फक्त जास्त गोड शब्दांत. मोठ्या पेपरचं पान लावून सगळे छान म्हणतील, पण गुरुजी रस्त्यात उभे होते ते उभेच राहतील. मी सत्त्याऐंशीची आहे. माझ्यानंतर हे सांगणारं कुणी नाही. आताच का, असं विचारतेस. कारण आता मागितलंस. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल मला कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि न विचारता सांगायची हिंमत मला झाली नाही. माझा तुला राग आला तर तो योग्यच आहे, ठेव.

शैलेंद्रला सांग की मी कुणाची बाजू घेऊन लिहीत नाही. लोक रडले तेही लिहिते आणि घरं जळली तेही. आबा वाईट माणूस नव्हते. गांधीजींच्या नावाने दर शुक्रवारी एक वेळ जेवायचे, मरेपर्यंत. त्यांनी एक बातमी आधी लिहिली आणि नंतर ती खोडली नाही. एवढंच सांगायचं आहे, आणि ते त्यांच्याच घरातून सांगितलं गेलं पाहिजे.

मी मजकूर लिहिला आहे. कात्रण पहिल्याच फलकावर राहू दे, त्याच्या खाली हा लावा. तू टाइप करून इलाला पाठव:

“वरील बातमी शोकयात्रेच्या सहा तास आधी लिहिली गेली. ती मी, बातमीदाराच्या मुलीने, वडिलांच्या सांगण्यावरून लिहून घेतली. आदल्या दिवशी गुरुजींच्या घरी हळदीकुंकू होते, त्याचा तिळगूळ वाटला गेला. त्यावरून हत्येच्या आनंदाने गोड वाटल्याची अफवा उठली. शोकयात्रेहून परतताना बाहेरगावच्या जमावाने तीन घरे जाळली. हे वृत्त कधीच छापले गेले नाही.”

आणखी एक. हे घर सुमित्राचं. तिला न विचारता मी काही लावू देणार नाही. तिचा इंदूरचा पत्ता माझ्या डायरीत पस्तीस वर्षं आहे, एका लग्नात तिच्या नणंदेकडून घेतला होता. लिहिलं कधीच नाही, दर दिवाळीला पान उघडायची आणि मिटायची. या वेळी अरुणने खटपट करून तिच्या सुनेचा नंबर मिळवला. माझं पत्र आणि हा मजकूर, दोन्हींचे फोटो काढून त्याने पाठवले आहेत. ती नको म्हणाली तर नको. पण तो निर्णय तिचा, शैलेंद्रचा नाही आणि तुझाही नाही.

झोपेसाठी दुधात जायफळ घाल. टायपिंग लवकर कर. माझा लोभ जुना आहे, असल्या गोष्टींनी तो उसवत नाही.

शैलजाआत्या


फिलाडेल्फिया
१० सप्टेंबर २०२४

प्रिय शैलजाआजी,
नमस्कार.

मी मराठीत लिहिते आहे, कारण तू मला मराठीत लिहिलंस आणि इंग्लिशमध्ये रिप्लाय करणं चीटिंग वाटलं. संडेच्या मराठी शाळेत जेवढं शिकले तेवढं येतं. आईला चेक करायला दिलं नाही.

तुझं लेटर वाचून मी आधी खूप रडले. मग मी ऑफिसला गेले आणि सगळे फलक परत वाचले. आजी, आता मला एकही बातमी सरळ वाचता येत नाही. लिंकनच्या ट्रेनच्या बातम्यांमध्ये प्रत्येक स्टेशनवर हजारो लोक शांत उभे होते असं लिहिलंय. मी आता चेक करते की पेपर किती वाजता छापायला जायचा आणि ट्रेन किती वाजता आली. सगळीकडे कळत नाही. पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो मला माझ्या पणजोबांमुळे सुचला. माझी बॉस आधी म्हणाली की हे फार फॅमिली मॅटर आहे. मी तिला म्हणाले की प्रदर्शनच या गोष्टीचं आहे. दोन मीटिंग झाल्या. ती तयार झाली आहे.

मामाने मला फोन केला. तो ओरडला नाही, पण तो खूप हर्ट आहे. मी त्याला सांगितलं की मला पणजोबांचा राग नाही, मी फक्त खोटं लेबल लावू शकत नाही, हा माझा जॉब आहे. तो म्हणाला की मी अमेरिकन आहे, मला कळणार नाही. ते मला लागलं. पण मी मागे हटणार नाही.

माझा एक प्रश्न आहे, लेबलसाठी विचारावा लागतो. तू माळ्यावरून पाहिलंस असं लिहिलंस. मग बाहेरगावचे लोक होते हे तुला कसं कळलं? तू त्यांना ओळखत नव्हतीस म्हणून की कुणी तसं सांगितलं म्हणून? आम्हाला सोर्स लिहावा लागतो. सॉरी, पण मी सगळ्यांना विचारते.

सुमित्राआजी नाही म्हणाल्या तर मी थांबेन. प्रॉमिस. ३० सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.

तुला खूप प्रेम, आणि तुझं थोडं इकडे पाठव, लागेल.

इला


इंदूर
१६ सप्टेंबर २०२४

शैलजास,
सुमित्राचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र सुनेने फोनवर मोठं करून दाखवलं. दोनदा वाचलं आणि दोन आठवडे उत्तर दिलं नाही. काय लिहावं हे ठरत नव्हतं. तू जिवंत आहेस हे वाचून आनंद झाला, हे आधी सांगते, कारण पुढचं तुला आवडणार नाही.

वडील आणखी सोळा वर्षं जगले. इथे त्यांना पुन्हा शाळेत नोकरी मिळाली. घर कसं गेलं, असं कुणी विचारलं की ते सांगायचे, आणि ऐकणारा पुष्कळदा म्हणायचा की पेपरात तर असं काही वाचलं नाही. मग त्यांनी सांगणं सोडलं. ३० जानेवारीला मात्र दर वर्षी उपास करायचे. आम्ही त्या शुक्रवारी संध्याकाळपासून उपाशी होतो, शैले. आईने तिळगुळाचं ताट झाकून ठेवलं आणि चुलीत पाणी ओतलं. वडिलांनी यात्रेसाठी धुतलेली टोपी काढून ठेवली होती. तुझ्या मजकुरात आमच्याकडचं हळदीकुंकू आहे, आमचं सुतक नाही. ते लिही.

दुसरं. तू बाहेरगावचा जमाव म्हणतेस. मी परसातल्या हौदामागे होते. बाहेरगावचं कुणी असलंच तर मागे असेल. पुढे होते ते आपल्या गावचे, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. वडिलांनी त्यांना नावाने हाका मारल्या. आणि दारावर रॉकेल ओतलं ते तुझ्या नानाकाकांनी. तुझ्या माळ्याच्या खिडकीतून आमचं दार समोर दिसायचं, आपण त्या खिडकीतून एकमेकींना खुणा करायचो. तू पाहिलंस. तुझ्या वडिलांनाही माहीत होतं, म्हणून तर ते ज्वारी मापत राहिले.

इतक्या वर्षांनी तू लिहायला बसलीस आणि पुन्हा झाकूनच लिहिलंस. मला त्याचा राग येत नाही, आता रागही दमला. पण आमचं घर तुमच्या भिंतीवर लावायचं असेल तर जसं जळलं तसं लाव, माझ्या नावासकट. नाहीतर राहू दे, आम्ही त्याशिवाय जगलोच आहोत.

तब्येतीला जप. एकदा आवाज ऐकायला आवडेल. लोभ होता म्हणून एवढं लिहिलं, तो आहे असं समज.

सुमित्रा


अर्विंग
२० सप्टेंबर २०२४

चि. पद्मिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत सुमित्राचं पत्र आहे, तिच्या सुनेने फोनवर पाठवलेलं. आधी ते वाच, मग हे.

तिने लिहिलेलं सगळं खरं आहे. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. तू त्यांना पाहिलंस ते म्हातारपणी, देवापुढे तासन् तास बसलेले. त्या संध्याकाळी तेवीस वर्षांचे होते, यात्रेत सगळ्यांत मोठ्याने रडत होते. मी खिडकीतून त्यांचा शर्ट ओळखला. आई माझ्या मागेच उभी होती, तिनेही ओळखला. तिने खिडकी लावून घेतली आणि सांगितलं की बाहेरगावची माणसं होती. आबा आले, त्यांनीही तेच म्हटलं. मग घरात आम्ही सगळे तेच म्हणत राहिलो. मी इतके दिवस तुला धीटपणा शिकवत होते आणि स्वतः तेच दोन शब्द पुन्हा लिहून बसले. खोटं लिहितेय असं हाताला वाटलंही नाही, इतकी सवय. इलाने विचारलं तेव्हा कळलं, आणि तरी मी इतके दिवस तिला उत्तर दिलं नाही. तिला कळव की सोर्स माझे स्वतःचे डोळे आहेत.

मजकुरात बदल असा कर. हळदीकुंकवाच्या वाक्यानंतर घाल: “हत्येचे वृत्त कळताच गुरुजींच्या घरी सर्वांनी उपवास धरला. ते स्वतः शोकयात्रेस निघण्याच्या तयारीत होते.” बाहेरगावच्या जमावाने हे शब्द काढ. तिथे लिही: “शोकयात्रेहून परतलेल्या गावातल्याच माणसांनी तीन घरे जाळली. पहिले घर माझी मैत्रीण सुमित्रा हिचे. तिथे रॉकेल ओतणारा माझा सख्खा काका होता. हे मी पाहिले आणि माझ्या वडिलांना ठाऊक होते.” यातला एकही शब्द मऊ करू नकोस. इलाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे, मी मोजले आहेत, बसतात.

शैलेंद्रला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. तो येणार नाही असं वाटतं. न आला तरी माझा तो भाचाच आहे, आणि त्याचं दुःख खोटं नाही. अरुणने माझं फिलाडेल्फियाचं तिकीट काढलं आहे. त्या फलकाशेजारी मला एक खुर्ची ठेवा. यंत्र दोन्ही कानांत घालून बसणार आहे, ज्याला जे बोलायचं असेल ते मला बोलू दे, इलाला नाही.

काल सुमित्राला फोन केला. दोघींनाही नीट ऐकू येत नाही, तेव्हा दोन्हीकडून नुसतंच रडून झालं. शेवटी ती ओरडून म्हणाली की छापून झालं की तिला पाठव, वडिलांच्या फोटोखाली ठेवायचं आहे. म्हणून दोन प्रती जास्त काढायला सांग, चांगल्या कागदावर.

मजकुराखाली माझं नाव पूर्ण घाल. तू नानांच्या पाया पडून मोठी झालीस, तुला हे जड जाईल, मला कळतं. माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी मी काही म्हणणार नाही, पण आधी टाइप कर, मग काय रागवायचं ते रागाव.

शैलजाआत्या